जुळ्या बहिणी, तरी रक्तातल्या प्रथिनांचे आकडे इतके वेगळे कसे?

वाचकाचं पत्र: मी आणि माझी जुळी बहीण ४१ वर्षांच्या आहोत. जुन्या फोटोंत कोण कोणती हे आम्हालाही सांगता येत नाही, इतक्या सारख्या दिसतो. पण जन्माच्या वेळी दोघींची वार (गर्भाला पोसणारी, प्लासेंटा) वेगळी होती, म्हणून 'या एकबीज (एकाच फलित बीजातून झालेल्या) जुळ्या नाहीत' असं आईला सांगितलं गेलं. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता (आता ते ७३ वर्षांचे आहेत). म्हणून आम्ही दोघींनी आपापल्या सोयीच्या लॅबमध्ये तपासण्या केल्या. बहिणीचं लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारं) १४२, सीआरपी (दाह दाखवणारं) ७.४ आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) ४.१ आलं. माझं अनुक्रमे ५८, ०.९ आणि ४.६. तिचं सगळं वाईट, माझं सगळं चांगलं. तिची दाढ तेव्हा दुखत होती, एवढाच काय तो फरक. आम्ही एकबीज असू तर हे शक्य आहे का? धाकट्या भावाने आणि माझ्या १४ वर्षांच्या मुलीने तपासणी करावी का? शिवाय जुळ्यांच्या कुटुंबांवरच्या एका अभ्यासासाठी आमचं रक्त मागितलंय. द्यावं का? रिपोर्टचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर:

आधी एक करा. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि लायपोप्रोटीन-एच्या ओळीत आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत ते नीट दिसतं. बहिणीच्या १४२ पुढे 'नॅनोमोल प्रति लिटर' आहे आणि तुमच्या ५८ पुढे 'मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर'. पहिलं माप रक्तातले कण मोजतं, दुसरं त्यांचं वजन करतं. मिलीग्रॅमच्या आकड्याला ढोबळमानाने २ ते २.५ ने गुणलं की नॅनोमोलचा आकडा मिळतो. तुमचे ५८ म्हणजे साधारण ११६ ते १४५. बहिणीचे १४२ त्यातच बसतात.

म्हणजे या प्रथिनाबाबत तुम्हा दोघींत फरक नाही असंच धरून चाला. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हृदयविकाराच्या दृष्टीने ५० मिलीग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वरची पातळी जास्त मानतात. 'माझं चांगलं' असं तुम्ही लिहिलंय, ते चूक आहे. तुमचंही जास्तच आहे. बहिणीची काळजी करताना स्वतःचा रिपोर्ट बाजूला ठेवू नका.

गुणाकार ढोबळच का, नेमका का नाही, हे कळलं की या प्रथिनामागचं जनुकही कळतं. लायपोप्रोटीन-ए म्हणजे एलडीएलसारखा ('वाईट' कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणासारखा) एक कण आणि त्याला चिकटलेलं अपोलायपोप्रोटीन-ए नावाचं लांबलचक प्रथिन. त्याचं जनुक, एलपीए, सहाव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात 'क्रिंगल' नावाच्या एका तुकड्याची पुन्हा पुन्हा आवृत्ती होते. कुणात या आवृत्त्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, कुणात ४० च्या वर जातात. आवृत्त्या कमी असतील तर प्रथिन आखूड होतं. यकृताची पेशी ते पटकन घडवून रक्तात सोडते आणि पातळी चढते. आवृत्त्या जास्त असतील तर लांब प्रथिन पेशीतच अडकतं, त्यातलं बरंचसं तिथेच मोडलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. प्रत्येकाचे कण असे वेगवेगळ्या वजनाचे असल्यामुळे वजनावरून संख्या काढताना सगळ्यांना एकच गुणक लावता येत नाही. काही जुन्या चाचण्यांत तर प्रतिपिंड (प्रथिनाला चिकटून ते मोजू देणारे रेणू) याच आवृत्त्यांना चिकटतात. त्यामुळे लांब प्रथिन उगाच जास्त मोजलं जातं आणि आखूड प्रथिन कमी. म्हणून शक्य असेल तिथे नॅनोमोलमध्ये, आणि कुटुंबात तुलना करायची असेल तर सगळ्यांनी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने मोजून घ्यावं.

रक्तातल्या प्रथिनांमध्ये जनुकांच्या इतक्या ताब्यात असलेली दुसरी फारशी नाहीत. कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये लायपोप्रोटीन-ए शोधलं, तेव्हाच ते घराण्यात चालत येतं हे दिसलं होतं. १९९२ मध्ये कुटुंबांच्या अभ्यासातून असं निघालं की माणसामाणसांतल्या पातळीच्या फरकापैकी ९० टक्क्यांहून जास्त फरक या एकाच जनुकामुळे पडतो. आहार बदलून किंवा चालायला जाऊन हा आकडा फारसा हलत नाही. मूत्रपिंडातून प्रथिन जाणं, थायरॉईड मंदावणं आणि गर्भारपण यांत तो चढतो. यकृताच्या आजारात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर उतरतो. यातलं काही नसेल तर आयुष्यात एकदा नीट मोजणं बहुतेकांना पुरतं. तुम्हा दोघींना फक्त एकाच लॅबमध्ये, नॅनोमोलमध्ये, एकदा मोजायचं राहिलंय. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही.

आता सीआरपी. त्याची गोष्ट अगदी उलट आहे.

सीआरपी यकृतात तयार होतं, पण हुकूम येतो तो शरीरात जिथे दाह चालू आहे तिथून. संसर्ग झाला की ६ ते ८ तासांत ते चढू लागतं आणि दोन दिवसांच्या आसपास कळस गाठतं. मोठ्या संसर्गात ते शेकडो पटींनी वाढतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं आहे, म्हणजे दाह खरोखर थांबला तर साधारण तीन दिवसांत ७.४ चं ०.५ होऊ शकतं. दुखरी दाढ हा दाहच आहे, आणि कळ थांबली म्हणून हिरडीखालची सूज गेली असं होत नाही. बहिणीचे ७.४ हे त्या आठवड्यातल्या दाढेचं माप आहे. तिच्या जनुकांबद्दल किंवा हृदयाबद्दल त्यावरून काही ठरवू नका. हृदयाच्या जोखमीसाठी हा आकडा पाहायचा असेल तर तब्येत पूर्ण बरी असताना, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी. १ च्या खाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी दाह कुठे आहे ते शोधायचं आणि मग पुन्हा मोजायचं. एकाच निरोगी माणसाचं सीआरपीसुद्धा एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत ३५ ते ४० टक्के सहज हलतं. त्यामुळे आकडा दुप्पट झाला तरी तो खरा बदल असेलच असं नाही.

सीआरपीवर जनुकांचा प्रभाव नाही असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या गुणसूत्रावरच्या त्याच्या स्वतःच्या जनुकातले बारीक फरक पातळी थोडी वरखाली करतात. पण बराचसा प्रभाव आडवाटेने येतो. पोटावरची चरबी दाहाचे संदेश पाठवते, यकृत सीआरपी वाढवतं, आणि वजन वाढण्याचा कल काही प्रमाणात जनुकांतूनच आलेला असतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाचं वजन दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त असेल तर डीएनए तोच असूनही सीआरपी वेगळं निघतं.

अल्ब्युमिनच्या ४.१ आणि ४.६ मध्ये काळजीचं काहीच नाही. दोन्ही ३.५ ते ५ या नेहमीच्या मर्यादेतले आहेत. तरी हा फरक कुठून आला असेल ते सांगण्यासारखं आहे. माणूस आडवा असताना आणि उभा असताना रक्तातलं पाणी सारखं राहत नाही. उभं राहिलं की पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, प्रथिनं मात्र मोठी असल्यामुळे आतच राहतात. एवढ्याने अल्ब्युमिन ५ ते १० टक्के जास्त मोजलं जातं. धावतपळत लॅबमध्ये येऊन लगेच हात पुढे केला असेल आणि दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच राहिला असेल, तर त्यात आणखी भर. शिवाय दाह चालू असताना यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) वाढवतं आणि अल्ब्युमिनचं उत्पादन कमी करतं. बहिणीच्या दाढेने इथेही हात मारला असेल.

म्हणून तुलना करायचीच असेल तर दोघींनी एकाच सकाळी, एकाच लॅबमध्ये जावं. ताप, दाढ, लस, जखम, यातलं काहीही झालं असेल तर त्यानंतर तीन आठवडे थांबा. आदले दोन दिवस दमवणारा व्यायाम नको. सुई टोचण्याआधी १५ मिनिटं खुर्चीवर बसून राहा. पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे, आणि मूठ उघडमीट करायला सांगितलं तर नको म्हणा. पाळीचा दिवस आणि चालू असलेल्या गोळ्या लिहून ठेवा, कारण इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर सीआरपी वाढतं, लायपोप्रोटीन-ए कमी होतं आणि इतर डझनभर प्रथिनं इकडेतिकडे होतात. फायब्रिनोजेनही मोजणार असाल तर निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलीय ना ते बघा. तिच्यात सायट्रेटचं (रक्त गोठू न देणारं) द्रव आधीच असतं, ९ भाग रक्ताला १ भाग. नळी अर्धवट भरली तर रक्त जास्त पातळ होतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

आता मूळ प्रश्न. तुम्ही एकबीज आहात का?

वार वेगळी होती एवढ्यावरून 'नाही' म्हणणं चूक होतं. एकच फलित बीज पहिल्या दोन-तीन दिवसांत दुभंगलं तर दोन्ही गर्भ आपापली वार घेऊनच रुजतात. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश असेच असतात. उलट, वार खरोखर एकच असेल (दोन वारी चिकटून एक दिसत नसतील) तर ती जुळी जवळजवळ नेहमीच एकबीज असतात. म्हणजे अशी एक वार हा जवळजवळ पक्का पुरावा आहे, दोन वारेंवरून काहीच सिद्ध होत नाही. हा गैरसमज फार जुना आहे आणि कित्येक जुळी आयुष्यभर स्वतःबद्दलची चुकीची माहिती बाळगून असतात, याचं वाईट वाटतं. रक्तगट वेगळे असतील तर एकबीज नाहीत, एवढं घरबसल्या कळतं. सारखे असतील तर काही सिद्ध होत नाही. लहानपणी ओळखीचे लोकही गोंधळायचे का, असे प्रश्न विचारून केलेला अंदाज सुमारे ९५ टक्के वेळा बरोबर येतो. खात्री मात्र डीएनए तपासणीतूनच होते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि माणसागणिक बदलणाऱ्या १५-२० जागा दोघींत जुळतात का ते बघतात.

लायपोप्रोटीन-ए सारखं आलं म्हणजे एकबीज असणारच, असंही धरू नका. द्विबीज (दोन वेगळ्या बीजांतून झालेली) जुळी म्हणजे जनुकांच्या हिशेबाने साधी भावंडंच. कोणत्याही एका जनुकाच्या बाबतीत दोन भावंडांना आईकडून आणि वडिलांकडूनही तीच प्रत मिळण्याची शक्यता चारात एक असते. एलपीएच्या बाबतीत असं झालं तर द्विबीज जुळ्यांचेही आकडे जुळतील.

हीच चारात एक, दोनात एक अशी गणितं जुळ्यांच्या अभ्यासाचा पाया आहेत, आणि तुमचं रक्त मागितलंय ते त्यासाठीच. एकबीज जोडीत सगळी जनुकं सामायिक असतात, द्विबीज जोडीत माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी. घर, जेवण, बालपण दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सारखंच एकत्र मिळतं असं गृहीत धरतात. समजा, एका प्रथिनासाठी एकबीज जोड्यांमधला सहसंबंध (दोघांचे आकडे किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळले तर १) ०.५० आला आणि द्विबीज जोड्यांमधला ०.३०. फरक ०.२०. हा फरक जनुकांच्या उरलेल्या निम्म्या भागामुळे आहे, म्हणून त्याची दुप्पट, ०.४०, ही त्या प्रथिनाची आनुवंशिकता. ०.५० मधून ०.४० वजा केले की ०.१० उरतात, तो सामायिक वातावरणाचा वाटा. आणि १ मधून ०.५० वजा केले की राहिलेले ०.५० हे ज्याच्या त्याच्या स्वतंत्र आयुष्याचे. दुखरी दाढ यात येते. मोजमापातली चूकही यातच येते, हे विसरलं जातं. प्रयोगशाळा जितकी गबाळी, तितकी आनुवंशिकता खोटीच कमी दिसते.

या ०.४० चा अर्थ 'माझ्या सीआरपीतला ४० टक्के भाग जनुकांनी बनवला' असा होत नाही. हा आकडा एका माणसाचा नसतो, एका लोकसमूहातल्या फरकांची ती वाटणी असते. त्या समूहात सगळ्यांची राहणी सारखी झाली तर आनुवंशिकता आपोआप वाढलेली दिसेल, जनुकं न बदलता.

अशा अभ्यासात आईवडील, इतर भावंडं आणि जोडीदार यांनाही घेतात, त्यालाही कारण आहे. जोडीदार एका घरात राहतात पण रक्ताचं नातं नसतं, त्यामुळे त्यांच्या आकड्यांतलं साम्य घराचा वाटा सांगतं. द्विबीज जुळी आणि साधी भावंडं यांची जनुकीय जवळीक तीच असते, पण जुळी एकाच वेळी गर्भात आणि एकाच वयात वाढतात. त्या दोन साम्यांमधला फरक काळाचा आणि गर्भाचा वाटा दाखवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकबीज आणि द्विबीज जुळ्यांचे २३२ नमुने वापरले होते, आणि तीच माणसं २ ते ७ वर्षांनी पुन्हा तपासली होती. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्रावर) ३४२ प्रथिनं मोजली, आणि प्रत्येक प्रथिनाची तऱ्हा वेगळी निघाली. काही जनुकांना बांधलेली, काही काळाबरोबर वाहणारी. 'रक्तातली प्रथिनं आनुवंशिक असतात का' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणतं प्रथिन, हे आधी विचारावं लागतं.

२०२३ मध्ये यूके बायोबँकेच्या (ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांच्या नमुन्यांच्या मोठ्या साठ्यातल्या) ५४,२१९ लोकांमध्ये २,९२३ प्रथिनं मोजून जनुकांशी १४,२८७ संबंध सापडले. मग जुळी कशाला हवीत? कारण एकेक संबंध सापडला तरी जनुकांचा एकूण वाटा किती हे त्यावरून पुरतं कळत नाही. काही संबंध तर फसवेही असतात. जनुकातल्या फरकाने प्रथिनाचा आकार जरासा बदलतो, मोजणारं प्रतिपिंड त्याला नीट चिकटत नाही, आणि यंत्र 'पातळी कमी' असं सांगतं, रक्तात प्रथिन तेवढंच असताना. काही प्रभाव दूरच्या जनुकांचे असतात. रक्त गोठायला मदत करणारा व्हॉन विलेब्रांड घटक ओ रक्तगटाच्या लोकांत सुमारे २५ टक्के कमी असतो. त्या घटकाचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर, रक्तगटाचं नवव्यावर.

रक्त द्या, पण सही करण्याआधी काही गोष्टी विचारा. एकबीज आहात की नाही हे तुम्हाला कळवणार का? (हे फुकटात कळत असेल तर उत्तमच.) वैयक्तिक आकडे परत मिळणार का? बहुतेक संशोधनात ते मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ते सापेक्ष एककांत (इतर नमुन्यांच्या तुलनेत कमी की जास्त, एवढंच सांगणारे) असतात. डॉक्टरांना दाखवून त्यांचा उपयोग नाही. नमुना किती वर्षं ठेवणार, नाव मागे घेता येतं का? आणि दोघींनी एकत्र बसून बोला, कारण तुम्ही एकबीज असाल तर एकीने दिलेला डीएनए म्हणजे दुसरीचाही दिला. आईवडिलांचे नमुने घेणार असतील तर नात्यांबद्दल अनपेक्षित काही निघालं तर ते सांगणार की नाही, हेही आधीच ठरलेलं बरं.

भावाने लायपोप्रोटीन-ए जरूर मोजावं. वडिलांचंही मोजा, ते सगळ्यात आधी. त्यांचं जास्त निघालं तर उंच पातळीची प्रत त्यांच्याकडून आली असण्याची दाट शक्यता आहे, आणि भावाला ती मिळाली असण्याची शक्यता निम्मी. वडिलांचं कमी निघालं तर आईचं बघा. मुलीला तुमच्याकडून ती प्रत मिळाली असण्याची शक्यताही निम्मीच आहे. तिची घाई नाही. दुसऱ्या कशासाठी रक्त काढायचं असेल तेव्हा ही चाचणी जोडून घ्या. तुम्ही एकबीज असाल तर बहिणीच्या मुलांच्या बाबतीतही तुमचा रिपोर्ट तिच्याइतकाच लागू पडतो. जनुकांच्या दृष्टीने ती मुलं आणि तुमची मुलगी ही मावसभावंडं नसून आई किंवा वडील एकच असलेल्या सावत्र भावंडांइतकी जवळची आहेत.

डॉक्टरांकडे जाताना वडिलांचं वय आवर्जून सांगा. पुरुषाला ५५ च्या आत झटका येणं हे लवकर मानतात, आणि ५२ त्यात येतं. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने) लायपोप्रोटीन-ए कमी होत नाही, तरी डॉक्टर ते सुचवू शकतात. कारण ही एक जोखीम हलवता येत नसेल तर बाकीच्या, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू, आणखी खाली आणायच्या असतात. 'मग हे औषध कशाला' म्हणून ते नाकारू नका, आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. बहिणीने मात्र त्याआधी दाढ दाखवून घ्यावी.